एकशे चाळीस पुंगळ्या आणि चिंचेचा कोळ

माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं ते धातूंमुळे. माणसांना औषध देत नाही मी. तांबं, पितळ तापवलं की आतून त्याचं काय होतं ते बघते. टोकियोतल्या एका संस्थेत गेली नऊ वर्षं माझं हेच चाललंय. पितळ किती तापवलं की मऊ पडतं, यावर माझा प्रबंध आहे, एकशे नव्वद पानांचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला ते खरं वाटणार नाही. चहा ओतून घ्या, सुरू करते.

माझा नवरा केंजी जपानी. आम्ही राहतो उरायासुला, आणि त्याचे वडील यामानाशीच्या डोंगरात एकटे राहतात. मी त्यांना ओतोसान म्हणते, म्हणजे बाबा. वय चौऱ्याहत्तर. पीचची बाग आहे, आणि त्या बागेवर हरणांचा डोळा आहे. कोवळे शेंडे, झाडाची साल, हाताला लागेल ते, म्हणजे त्यांच्या तोंडाला लागेल ते, सगळं फस्त. म्हणून गावातल्या शिकारी संघटनेला हरणं मारायची परवानगी आहे, आणि ओतोसान तिचे जुने सभासद.

आता जपानात रायफल बाळगणं म्हणजे गंमत नाही हं. आधी दहा वर्षं साधी छऱ्याची बंदूक नीट सांभाळून दाखवायची, मग रायफलीचं नाव काढायचं. दरवर्षी पोलीस तपासणार. एकेका काडतुसाची नोंद ठेवायची. आणि दुसऱ्याच्या बंदुकीला बायको, मुलगा, सून, कुणीही बोटसुद्धा लावायचं नाही. मला हा नियम फार आवडतो. निदान त्या एका वस्तूची तरी माझ्या हातून वाट लागायची नाही.

तर ओतोसान काडतुसं विकत आणत नाहीत. घरी भरतात, रीतसर परवाना काढून. म्हणजे कसं, रायफलीचं काडतूस ही एक पितळेची पुंगळी असते, बोटाएवढी. तळाशी छोटी टोपी, चाप ओढला की ती पेटते. आत दारू, तोंडावर गोळी. बार झाला की गोळी जाते आणि पुंगळी राहते. बहुतेक लोक ती टाकून देतात. ओतोसान ती घरी आणतात, साफ करतात, नवी टोपी बसवतात, दारू काट्यावर तोलून भरतात, नवी गोळी बसवतात, की झालं काडतूस. एकेक पुंगळी सहा-सात वेळा वापरतात. घरात यासाठी एक खोली आहे, आणि त्या खोलीत ते सोडून कुणी जात नाही. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली, मी उंबऱ्यापर्यंत पोचले होते.

केंजीला याचीच काळजी. मध्ये तो जाऊन आला आणि मला म्हणाला, "बाबा आता भिंग घेऊन काटा वाचतात."

"मग?"

"मग काय मग. दारूचा काटा आहे तो. एक रेघ चुकली तर? मी दहादा सांगितलं, तयार काडतुसं घ्या, दुकानात मिळतात. ऐकतच नाहीत."

"तुझं ऐकत नाहीत तर माझं काय ऐकणार?"

"तू धातूंची डॉक्टर आहेस. शास्त्रीय सांग. शास्त्रापुढे ते गप्प बसतात."

मला वाटलं, चला, सहा वर्षांत सासरच्या माणसांनी पहिल्यांदा माझ्या शिक्षणाचं नाव काढलं. मी हुरळले. दोन दिवस बसून बावीस स्लाइड केल्या. कारखान्यातलं काडतूस कसं एकसारखं असतं, पितळ कसं तपासलेलं असतं, माणसाचा हात कसा आणि किती चुकतो, सगळं आलेखांसकट. एका गुरुवार-शुक्रवारी रजा टाकली, लॅपटॉप घेतला, ओतोसानना माझी आमटी आवडते म्हणून चिंच, गूळ आणि आईने पाठवलेला गोडा मसाला घेतला, आणि एकटीच गाडीत बसले. केंजीला ऑफिस होतं.

संध्याकाळी जेवण झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. ओतोसाननी बावीसच्या बावीस स्लाइड शांतपणे पाहिल्या. हात मांडीवर, पाठ ताठ. मग त्यांनी ओट्यावरच्या मसाल्याच्या बरणीकडे बोट केलं. आमचं बोलणं जपानीत होतं, तुम्हाला मराठीत सांगते.

"हा कुठल्या कारखान्यातला?"

"हा? हा आईने केलाय. घरी."

"भारतात तयार मिळत नाही?"

"मिळतो की. पण त्याला ती चव नसते. कुणी कसा भाजलाय, काय घातलंय, आपल्याला काय माहीत? घरचा तो..."

इथे मला माझंच बोलणं ऐकू आलं. मी लॅपटॉप मिटला. ओतोसान काही म्हणाले नाहीत. ते जिंकल्यावर कधीच काही म्हणत नाहीत, हा त्यांचा सगळ्यात वाईट गुण आहे.

मग ते उठले आणि म्हणाले, "ये. दाखवतो."

आणि मी त्या खोलीत गेले. लहानशी खोली, एक टेबल, त्यावर हातांनी दाबायचं यंत्र, काटा, भिंग, आणि भिंतीला लागून चहाचे जुने डबे. डब्यांवर कागद चिकटवलेले, एकदा वापरलेल्या, दोनदा वापरलेल्या, असे. अक्षर केंजीच्या आईचं. ती जाऊन आठ वर्षं झाली. काट्यावरचा आकडा ती मोठ्याने वाचायची आणि ओतोसान दारू ओतायचे, असं ते म्हणाले. "आता भिंग वाचतं."

म्हणून मी म्हटलं, "मी वाचू?"

त्यांनी खुर्ची सरकवून दिली. मी वाचायला लागले. पहिला आकडा मी दशांश चिन्हानंतर तीन घरांपर्यंत सांगितला.

"एवढं नको," ते म्हणाले. "हरणाला कळत नाही."

आम्ही दहा काडतुसं भरली. म्हणजे त्यांनी भरली, मी आकडे वाचले. तुम्हाला सांगते, मला फार बरं वाटलं. सहा वर्षं मी त्या घरात पाहुण्यासारखी बसून होते, चहा समोर यायचा, कप उचलू द्यायचे नाहीत. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला काही काम मिळालं. केंजीची बाजू मी तिथल्या तिथे सोडली. बावीस स्लाइड गेल्या खड्ड्यात. मी आता घरच्या काडतुसांच्या पक्षात.

आणि पक्षात नवं आलेलं माणूस किती धोकादायक असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शुक्रवारी दुपारी ओतोसान दाताच्या डॉक्टरकडे गेले. जाता जाता म्हणाले, पुंगळ्या साफ करायचं यंत्र बिघडलंय, आल्यावर फडक्याने पुसायला बसतो. रविवारी गावातले सगळे मिळून डोंगरात जाणार होते, त्याला वीस काडतुसं आणखी हवी होती. टेबलावर पुंगळ्यांचे डबे काढून ठेवले होते. मी मोजल्या. एकशे चाळीस. काळवंडलेल्या, डाग पडलेल्या. आणि ते म्हातारं माणूस प्रत्येक पुंगळी फडक्याने पुसणार, दुखऱ्या दाताने.

मला दया आली. हे सगळं प्रकरण दयेमुळे झालंय, हे लक्षात असू द्या.

पितळ साफ करायचंय. घरात चिंच आहे. माझ्यासारख्या मुलीने यावर किती विचार करावा? लहानपणी दिवाळीआधी समया, ताम्हण, तांब्या, सगळं मीच लखलखीत करायचे. फक्त प्रमाण आठवेना. मी पुण्याला आईला फोन लावला.

"आई, पितळ घासायला चिंच किती घेतेस गं?"

"लिंबाएवढी. कोळून घे, वर मीठ टाक. किती आहेत भांडी?"

"एकशे चाळीस."

"एकशे चाळीस? केवढी आहेत?"

"बोटाएवढी."

"निरांजनं का गं?"

आता आईला काय सांगणार, तुझे व्याही बंदूक चालवतात? लग्न ठरलं तेव्हा मी तिला ते बागायतदार आहेत एवढंच सांगितलं होतं. मी म्हटलं, "तसंच काहीतरी."

"बाई गं. एकशे चाळीस निरांजनं. आणि आपण म्हणतो जपानी लोकांना देवाधर्माचं काही नाही. मग असं कर, दोन तास बुडवूनच ठेव, घासत कुठे बसतेस. आणि ऐक, धुतल्यावर लगेच वाळव. ओली ठेवलीस की डाग पडतात. सासऱ्यांसमोर शोभा नको."

मी तसंच केलं. मोठ्या पातेल्यात चिंचेचा कोळ, मूठभर मीठ, आणि सगळे डबे त्यात एकदम उलटे केले. पुंगळ्यांच्या बुडाला पेनाने बारीक ठिपके होते, कुणाला एक, कुणाला चार. मला वाटलं, डाग आहेत. ते मी दात घासायच्या ब्रशने खास जोर लावून काढले.

काय चमकल्या म्हणता! नव्याहून नव्या. थोडी गुलाबी झाक आली होती. चिंचेत पितळ जास्त वेळ राहिलं की त्यातलं जस्त निघून जातं आणि तांबं वर दिसायला लागतं, हे मला माहीत आहे. मी ते शिकवते. पण त्या वेळी मला एवढंच वाटलं, की किती सुंदर रंग.

मग वाळवायचं. बाहेर ढग, आणि ओतोसान तासाभरात येणार. ओट्यावर टोस्टचा छोटा ओव्हन होता. ट्रेवर पुंगळ्या उभ्या केल्या, घाई होती म्हणून काटा शेवटच्या आकड्याला नेला, आणि चार खेपांत सगळ्या चांगल्या खरपूस वाळवल्या. आतल्या काड्या लाल झालेल्या, आणि मी काचेतून कौतुकाने बघतेय. कोण बघतंय? पितळ तापल्यावर काय होतं याची डॉक्टर.

ओतोसान आले. एक गाल सुजलेला. मी काही न बोलता ट्रेवरचं फडकं बाजूला केलं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग एक पुंगळी उचलली, उलटी केली. दुसरी उचलली, उलटी केली.

"शाई कुठे गेली?"

"कसली शाई?"

"कुठली किती वेळा वापरली, त्याच्या खुणा."

डब्यांवर लिहिलंच होतं म्हणावं, तर सगळ्या मी एकाच पातेल्यात मिसळल्या होत्या, आणि डबेही धुऊन पालथे घातले होते. निदान कागद तरी शाबूत होते. मी म्हटलं, "मला वाटलं, डाग."

"हं." त्यांनी पुंगळी खिडकीकडे धरली, गुलाबी झाक पाहिली, आणि म्हणाले, "हे एवढं कोरडं कसं झालं?"

मी ओव्हनकडे बोट दाखवलं.

आणि बोट दाखवताना, तेव्हा, त्या क्षणी, मला सगळं आठवलं. एकशे नव्वद पानं. आलेखांसकट.

सांगते काय होतं ते. पुंगळीचं बूड कडक असावं लागतं. बार होताना सगळा जोर तिथे येतो. तापवलं की पितळ मऊ पडतं, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. मऊ बूड जोर सहन करत नाही, फाटतं, आणि आतला जाळ मागे येतो. आणि मागे, वीतभर अंतरावर, रायफल चालवणाऱ्याचा डोळा असतो.

ओतोसाननी ट्रे माझ्याकडे सरकवला. "मेधा-सान, पितळेची डॉक्टर तू आहेस. चालतील का या?"

अगदी साधेपणाने विचारलं. टोमणा नव्हता त्यात, आणि त्यामुळेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी रात्री त्या भरल्या असत्या. त्यांचा माझ्यावर तेवढा विश्वास बसला होता, एकाच संध्याकाळी.

"नाही चालणार."

"एकही?"

"मधल्या काही चांगल्या असतील. पण कुठल्या, ते सांगता येणार नाही. एकही वापरू नका."

"असं." त्यांनी हातातली पुंगळी परत रांगेत नीट उभी केली. "आमटी आहे का कालची?"

आम्ही आमटी-भात खाल्ला. ते एका बाजूने चावत होते. मी नंतर न्हाणीघरात जाऊन रडले. गमतीची गोष्ट सांगताना हे सांगायचं नसतं, पण रडले. बारा वर्षांच्या पुंगळ्या होत्या त्या. डब्यांवर ते अक्षर, आणि आत आता काहीच नाही. बाहेर आले तर फोनवर आईचा मेसेज, "आवडली का निरांजनं? मी भिशीत सगळ्यांना सांगितलं."

शनिवारी सकाळी ओतोसान म्हणाले, "चल." आम्ही त्यांच्या छोट्या ट्रकमधून शहरातल्या बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने परवाना बघितला, मग ओतोसानकडे बघितलं.

"तयार काडतुसं? तुम्हाला?"

"हो."

"तब्येत बरी आहे ना?"

"दात दुखतोय," ओतोसान म्हणाले, आणि खोका घेऊन निघाले.

तिथून नेमबाजीच्या मैदानावर. नवी काडतुसं कुठे लागतात ते बघून रायफलीवरची नेम धरायची दुर्बीण जुळवायची होती. मी मागे बाकावर, कानांवर ती कानझाकणं लावून, देवाचा धावा करत. कशाचा धावा, ते मलाच ठरवता येत नव्हतं. नीट लागू देत म्हणावं तर केंजी जिंकतो. नको म्हणावं तर उद्या डोंगरात या माणसाची सगळ्यांसमोर फजिती. दुर्बीण जुळल्यावर त्यांनी पाच बार काढले आणि कागद घेऊन आले. पाचही भोकं एका उमेबोशीखाली झाकली गेली असती. उमेबोशी म्हणजे ते खारवलेलं आंबट फळ, भाताच्या डब्यात मधोमध ठेवतात ना, तेवढं.

ओतोसान कागदाकडे बघत राहिले. त्यांच्या घरच्या काडतुसांचे कागद खोलीत भिंतीवर लावलेले आहेत. मी पाहिलेत. ते याहून चांगले नाहीत.

"वाईट नाही," ते म्हणाले, आणि कागदाची चार वेळा घडी घालून खिशात टाकला.

रविवारी त्यांनी दोन हरणं मारली. संध्याकाळी केंजीचा फोन. गावातून कुणीतरी त्याला कळवलं होतं.

"बाबांनी तयार काडतुसं घेतली? मेधा, तू काय जादू केलीस?"

मी सगळं कबूल करायला तोंड उघडलं. तेवढ्यात ओतोसाननी फोन हातातून घेतला. "मेधा-सानने शास्त्रीय कारण दिलं. मला पटलं." आणि फोन मला परत.

मला भरून आलं. म्हटलं, काय मोठ्या मनाचा माणूस. मुलासमोर सुनेची लाज राखली. उरायासुला परतले तर केंजीने केक आणून ठेवला होता. मी तो खाल्ला. तुम्हीही खाल्ला असता.

पण केंजीला राहवेना. त्याने आपल्या गावच्या मित्राला सांगितलं, मित्राने वडिलांना, वडील शिकारी संघटनेत. आठवड्याभरात ओतोसानचा फोन. "संघटनेत तुझं भाषण ठेवलंय. घरी भरलेली काडतुसं का वापरू नयेत."

"ओतोसान, मी कशी देऊ ते भाषण? तुम्हाला तर माहीत आहे..."

"बावीस स्लाइड तयार आहेत," ते म्हणाले. "वाया कशाला घालवायच्या."

शिक्षा म्हणून मी ते मुकाट्याने मान्य केलं.

गावच्या समाजमंदिरात अकरा शिकारी, सगळ्यात तरुण त्रेसष्टचा. सगळे घरी काडतुसं भरणारे. ओतोसान पुढच्या रांगेत, मधोमध. मी मन लावून बोलले. अपराधी माणूस फार चांगलं बोलतं. तेविसावी स्लाइड नवी होती, पितळ तापण्याचे धोके. त्यात मी म्हटलं, माझ्या ओळखीच्या एका व्यक्तीने अजाणतेपणी पुंगळ्या ओव्हनमध्ये वाळवल्या, आणि सगळा साठा निकामी झाला. म्हाताऱ्यांमध्ये चुकचुकाट झाला.

ओतोसाननी हात वर केला. "एक विचारू का?"

"विचारा."

"त्या ओळखीच्या व्यक्तीचं शिक्षण किती?"

"बरंच आहे."

"अरेरे," ओतोसान म्हणाले, आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. आजूबाजूच्यांनीही लिहून घेतलं.

भाषण चांगलंच लागू पडलं. चहाच्या वेळी एकेक जण येऊन वाकून सांगून गेला, पटलं, आता या वयात धोका नको, तयारच घेऊ. ओतोसान प्रत्येकाला दारापर्यंत सोडायला जात होते आणि हळूच काहीतरी बोलत होते. मला वाटलं, सांत्वन करताहेत. केंजी मला न्यायला आला होता, गाडीत मी त्याला म्हटलं, बघ, अख्खं गाव सुधारलं. खरं सांगायचं तर मला वाटायला लागलं होतं, की माझ्या चुकीतून काहीतरी बरं निघालं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी एकटी परत गेले. दार उघडलं तर बूट काढायला जागा नव्हती. दारापासून जिन्यापर्यंत बिस्किटांचे डबे, चहाचे डबे, शेंगदाण्याच्या बरण्या, सगळ्या गच्च भरलेल्या. मी एकाचं झाकण काढलं. आत पुंगळ्या.

ओतोसान खोलीत होते. टेबलावर दिवा लावलेला, यंत्राला तेल दिलेलं, पुंगळ्यांच्या बुडावर ठिपके काढणं चाललं होतं.

"हे सगळं कुणाचं?"

"संघटनेतल्यांचं. सगळ्यांच्या रायफली एकाच मापाच्या. त्यांना आता नको आहेत. म्हटलं, टाकू नका, मी विल्हेवाट लावतो." त्यांनी पुढची पुंगळी उचलली. "चांगल्या आहेत. कुणी तापवलेल्या नाहीत, मी प्रत्येकाला विचारून घेतलंय."

"पण तुम्ही तर म्हणालात, पटलं म्हणून."

"पटलं की. त्यांनाही पटलं. तू फार छान बोललीस."

मी तिथेच दारात बसले. मला त्या मैदानावरच्या कागदाबद्दल बोलायचं होतं, उमेबोशीबद्दल, म्हटलं, "ओतोसान, पण तयार काडतुसंही तेवढीच नीट लागली. मग एवढी मेहनत कशाला?"

त्यांनी जरा विचार केला. "तयार काडतूस आणलं की मी शनिवारी काय करू?"

त्यांनी खुर्ची सरकवली, आणि मी काट्यासमोर बसले. भिंग त्यांनी खणात टाकलं. केंजीची काळजी तेवढ्यापुरती तरी मिटली, फक्त त्याला ते अजून माहीत नाही, आणि तुमच्यापैकी कुणी सांगायचं नाही. आता मी महिन्यातून दोन शनिवार तिथे असते. त्याला वाटतं, बाग बघायला जाते.

पाच-सहा आकडे वाचून झाल्यावर ओतोसान म्हणाले, "शेजारच्या गावच्या संघटनेशी बोललोय. पुढच्या महिन्यात तिसऱ्या रविवारी."

"काय आहे?"

"तुझं भाषण. तिथे सत्तावीस जण आहेत, सगळे घरी भरणारे. ती ओळखीच्या व्यक्तीची गोष्ट जरा लांबव. लोकांना तीच पटते."

आजवर माझी चार गावांत भाषणं झाली. नऊ वर्षांच्या संशोधनात मला कुणी एवढं बोलावलं नव्हतं. स्लाइड मी दाखवते, नंतर डबेही मीच ट्रकमध्ये चढवते, आणि ओतोसान दारात उभे राहून लोकांना सांगतात की सूनबाई फार अभ्यासू आहेत, त्यांनी हे सगळं स्वतः करून पाहिलंय.